उशिरा आलेला हुंकार

त्या दुपारी आई मटार सोलत होती आणि लेक तिला पुलांवरचा आपला नवा लेख वाचून दाखवत होती. आई शहराच्या त्या टोकाला, नदीपलीकडे. ती या टोकाला, भाड्याने घेतलेल्या ऑफिसातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी. मध्ये फोन. आईने तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकून मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला असणार, कारण दाणे स्टीलच्या वाडग्यात पडल्याचा आवाज फार जवळून येत होता, आणि त्याच्या मागे, जरा लांबून, बाबांचा खोकला. लेख मोठा होता. तिचे सगळेच लेख मोठे असत. ‘सोपं करून’ हा तिचा ब्लॉग सुरू झाला तेव्हा एवढं लांबलचक आजकाल कोण वाचतं म्हणून सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं, आणि मग त्या सगळ्यांनीच तो वाचायला सुरुवात केली होती. भूल दिल्यावर माणूस जातो कुठे, महागाई वाढवतं कोण, एवढं जड विमान वर राहतंच कसं, अशा गोष्टी ती तिथे समजावून सांगायची. चित्रं स्वतःच काढायची, जाड पेनाने, काड्यांची. त्यात एक पात्र कायम असायचं. गोल डोकं, ठिपक्यांचे डोळे, टाळूवर एकच उभा केस. त्याचं नाव ठोंब्या. जे विचारायची वाचकाला लाज वाटेल ते ठोंब्या बेधडक विचारायचा, आणि वाचकांचा जीव तिच्यापेक्षा त्याच्यावरच जास्त होता.

“आज कुठे आहे तो?” आईने विचारलं.

“पुलाच्या मधोमध. खाली नदी.”

“एकटाच? अगं, त्याला धरायला कठडा तरी काढ.”

“काढलाय गं.”

“आणि अंगात काही नाहीच का? वारा असतो तिथे.”

“आई, काड्या आहेत त्या. काड्यांना शर्ट कुठला घालू?”

“बरं बाई, वाच. आणि हळू वाच, मागे लागलंय का कोणी? थांब, बाबा म्हणतायत, नळ दुरुस्त झाला म्हणून सांग तिला.”

“त्यांनाच सांगू दे की. फोन समोरच आहे ना?”

“ते म्हणतात, तूच सांग.”

मग ती वाचत गेली आणि आई हुंकार देत गेली. हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. कुठलाही लेख आईच्या हुंकारांतून गेल्याशिवाय लोकांपुढे जात नसे. आईची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, कानावर हेडफोन, समोर दिव्यांची भिंत. तिथे त्यांना शिकवलेलं असे की पलीकडचा माणूस बोलत असताना आपण अधूनमधून ‘हं’ म्हणायचं, नाहीतर त्याला वाटतं लाइन मेली. ती सवय आईच्या हाडात मुरली होती. शेजारीण गाऱ्हाणं सांगत असो की रेडिओवर बातम्या चालू असोत, आईचा हुंकार आपल्या जागी पडायचाच. आणि लेकीला त्या हुंकारांची भाषा येत होती. वाक्य संपताच पडलेला छोटा ‘हं’ म्हणजे कळलं, पुढे चल. किंचित वर चढलेला म्हणजे गंमत वाटली. आणि उशिरा आलेला, वाक्य संपून एक क्षण कोरा गेल्यावर आलेला, म्हणजे आई मागेच कुठेतरी राहिली आहे, परिच्छेद जड झाला आहे. तिथे ती पेन्सिलीने समासात एक टिंब द्यायची. कळलं का असं विचारण्यात अर्थ नसायचा, कारण आई कळलं असंच म्हणायची. टिंबं खरं बोलायची.

त्या लेखात एकच टिंब पडलं. लोखंड थकतं, असा तो परिच्छेद होता. रोज थोडं थोडं वाकून आणि परत सरळ होऊन धातूला आतून थकवा येतो, केसाहून बारीक चीर पडते, ती बाहेरून दिसत नाही, पूल नेहमीसारखाच उभा असतो, गाड्या नेहमीसारख्याच जात असतात. ती थांबली. हुंकार आला नाही. मग आला. मध्ये गेलेला वेळ फार नव्हता, वाडग्यात एखादा दाणा पडावा इतका. पण दाणाही पडला नव्हता. “कळलं?” तिने विचारलंच. “हं,” आई म्हणाली, “कळलं की.” जरा घोगरं वाटलं, पण दुपारची वेळ, जेवण झालेलं. पुढचे हुंकार थोडे मागेपुढे पडले आणि तिला वाटलं, आपण आईला दमवलं. संध्याकाळी तिने तो परिच्छेद काढून टाकला, दोन्ही बाजूंची वाक्यं एकमेकांना सांधली, आणि लेख लोकांपुढे गेला. नाव होतं ‘पूल का पडत नाहीत’.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन बाबांचा आला. बाबा कधी फोन करत नसत. हॉस्पिटलच्या त्या फिकट हिरव्या बोळात तरुण डॉक्टरीण बाईंनी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली होती. शेवटचं नीट बोलणं कधी झालं? अगदी नीट, म्हणजे नेहमीसारखं? मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं, ते त्यावर ठरणार होतं. बाबा भिंतीकडे बघत उभे होते. तिने सांगितलं, “काल दुपारी. माझ्याशी. फोनवर.” “नीट होत्या?” “अगदी नीट.” बाईंनी मान हलवली, म्हणाल्या, तेव्हापासून खूपच वेळ गेलाय हो, आणि आत गेल्या. आईने त्यानंतर हुंकार दिला नाही.

आता ती बसमध्ये होती आणि बस पुलावर अडकली होती. आई जाऊन बरेच महिने झाले होते. उन्हाळा, पावसाळा संपून हवा पुन्हा कोरडी, थंड झाली होती. रविवारी ती बाबांकडे जायची, आणि बाबांकडे जायला हा एकच रस्ता. पुढे काहीतरी बंद पडलं होतं. इंजिनाची घरघर बंद झाल्यावर खालची थरथर जाणवायला लागली, तळव्यांतून वर येणारी, पलीकडच्या मार्गिकेवरून ट्रक गेला की वाढणारी. पुढच्या सीटवरच्या, मांडीवर रोपाची कुंडी घेऊन बसलेल्या बाईंनी कंडक्टरला विचारलं, “काय हो, गाडी हलतेय की पूल?” “दोन्ही हलतायत,” कंडक्टर म्हणाला, “तुम्ही हलू नका म्हणजे झालं.” लोक हसले. तीसुद्धा हसली. पूल हलायलाच हवा, न हलणारा पूल मोडतो, हे तिनेच तर लाखो लोकांना चित्र काढून सांगितलं होतं. ठोंब्या पुलावर उड्या मारतोय आणि पूल म्हणतोय, मार बाबा, मला सवय आहे. ती हसत असतानाच तिच्या हातातला फोन उजळला. ब्लॉगवर नवा प्रतिसाद आला होता. असे अजून येत, जुन्या लेखांवर. आईनंतर तिने नवं काही लिहिलंच नव्हतं. हा त्या लेखावर होता. कोणीतरी लिहिलं होतं: ताई, पूल का पडत नाहीत ते छान कळलं. पण काही पडतात. ते का, हे ठोंब्याने विचारलंच नाही. तो असं कधी सोडत नाही.

तिने फोन पालथा घातला. मांडीवर दाबून धरला, जणू आतून कोणी बोलायला लागेल. दोन्ही हातांची बोटं एकदम गार पडली. हे आता वारंवार व्हायला लागलं होतं, दुकानात रांगेत उभी असताना, दात घासताना, कोणी बोलता बोलता शब्द शोधायला थांबलं की. विशेषतः तेव्हा. समोरच्याच्या बोलण्यात फट पडली की तिचा जीव त्या फटीत जाऊन बसायचा. ब्लॉगची तांत्रिक बाजू सांभाळणारा तिचा सहकारी परवा म्हणाला होता, “एक सांगू? मृत्यूवर लिही. लोक तुझीच वाट बघतायत,” आणि ‘लोक’ आणि ‘तुझीच’ यांच्यामध्ये तो शिंकेसाठी थांबला होता, तेवढ्यात तिने खुर्चीचा हात पकडला होता. शिंक आलीच नाही. “काय झालं?” त्याने विचारलं. “काही नाही,” ती म्हणाली, “शिंक की तू एकदाची.”

लोक म्हणत होते, पुलावरचा तो लेख तिचा सर्वांत सुंदर लेख होता. कुठेही अडखळायला होत नाही, म्हणत. एका घोटात संपतो, म्हणत. शाळांनी तो मुलांना वाचायला दिला होता. आणि ज्या ठिकाणी ती दोन वाक्यं सांधली होती ती जागा कोणाला दिसत नव्हती. इतकी बेमालूम सांधली होती तिने. तिला मात्र त्या पानावर दुसरं काही दिसतच नसे. तिला वाचता येत होतं, शोधता येत होतं, तिचा धंदाच तो. डॉक्टरांसाठी लिहिलेले अवघड निबंध तिने पूर्वी जेवता जेवता वाचून काढले होते. मेंदूतल्या एखाद्या बारीक नळीत अडथळा आला तर ऐकलेल्याला उत्तर द्यायला उशीर होतो का, आवाज घोगरा होतो का, हात काम थांबवतो का, हे शोधायला तिला एक दुपार पुरली असती. तिने शोधलं नव्हतं. दोनदा शब्द टाइप केले होते आणि दोन्ही वेळा पुसले होते. कारण उत्तर हो असेल तर आईच्या मरणाचं पहिलं पाऊल तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, त्यासमोर पेन्सिलीचं टिंब दिलं होतं आणि संध्याकाळी भाषा सुधारली होती. आणि उत्तर नाही असेल, तर तो परिच्छेद खरंच जड होता, एवढंच. यातलं कुठलं जास्त भयंकर, हेही तिला ठरवता येत नव्हतं. आणि एक माणूस होता ज्याला त्या दुपारचं सगळं ठाऊक होतं, कारण तो आईपासून दोन हातांवर बसून खोकत होता. त्याला विचारलं की झालं. रविवारमागून रविवार ती त्याच्यासमोर बसून चहा पीत होती आणि गॅस आला का, चष्म्याचा नंबर बदलला का, असं विचारत होती.

ट्रक गेला. थरथर गुडघ्यांपर्यंत आली. तिने खिडकीची दांडी धरली आणि धरताक्षणी तिला दुसरी एक दांडी आठवली, पितळेची, तिच्या डोक्याहून उंच. आईच्या एक्स्चेंजच्या इमारतीतली जाळीची लिफ्ट. शाळेला सुट्टी असली की आई तिला कामावर घेऊन जाई आणि ती लिफ्ट आधी एक हिसका देई, मग कण्हत वर जाई, आणि जाळीतून एकेक मजला खाली सरके. ती टाचा उंचावून त्या दांडीला घट्ट धरायची. पण तिने कधी रडं काढलं नाही, आईला बिलगली नाही. ती विचारायची, “आई, ही कशी चालते गं?” आणि आई हातातल्या, कॉल नोंदायच्या चिठ्ठीच्या पाठीवर, लिफ्टच्या भिंतीला कागद टेकवून, दोर काढायची, चाक काढायची, पलीकडे लटकणारं वजन काढायची, आणि पेटीच्या आत एक माणूस, गोल डोकं, एकच केस. “हा बघ ठोंब्या. हा वर चाललाय ना, म्हणून ते वजन खाली चाललंय. दोघं एकमेकांना धरून आहेत.” तोपर्यंत मजला आलेला असे. मग विजेबद्दल विचारलं, मग पोटातल्या आवाजांबद्दल, मग बाबा कामावरून उशिरा आले की घड्याळाबद्दल. घड्याळ कसं चालतं गं आई? आईने त्याचंही चित्र काढलं होतं. “तुला प्रश्न फार पडतात,” आई म्हणायची, कौतुकाने. पाहुण्यांना सांगायची, आमची फार चौकस आहे. ती चौकस नव्हती. हे तिला आज, पुलावर, कंडक्टरच्या पाठीकडे बघताना, इतकं स्वच्छ दिसलं की ती चमकली. तिला फक्त एवढं कळलं होतं की ‘कसं’ असं विचारलं की कोणीतरी जवळ वाकून बोलत राहतं, आणि बोलत असेपर्यंत काही होत नाही. सगळा ब्लॉग, ती विमानं, ती भूल, तो पूल, सगळं त्या लिफ्टमधून वर आलं होतं. आईला ते ठाऊक होतं का? चिठ्ठी भिंतीला टेकवून चित्र काढताना आईचा दुसरा हात कायम तिच्या मानेवर असायचा. कायम.

बस हलली तेव्हा कुंडीवाल्या बाई मोठ्याने म्हणाल्या, “सुटलो बाई.” पूल ओलांडताना सांध्यांवरून चाकं टक् टक् करत गेली आणि तिने एकेका टक्‌ला श्वास धरला.

बाबांनी दार उघडलं आणि नेहमीसारखे बाजूला झाले. ते गोदामात स्टोअरकीपर होते, निवृत्त होईपर्यंत. कोणती वस्तू कुठल्या फळीवर आहे हे बोटाने दाखवायची त्यांना इतकी सवय की शब्द त्यांना खर्चिक वाटत. घर तसंच होतं. मिठाची बरणी ओट्यावर नव्हती, टेबलावर होती, आई ठेवायची तिथेच. त्यांनी चहा केला. तो अती गोड होता.

“साखर किती घातलीत?”

“जास्त झाली?”

“चमचा उभा राहतोय.”

“पडला तर सांग,” बाबा म्हणाले, आणि ते आईसारखं झालं हे दोघांनाही कळलं म्हणून दोघंही कपात बघायला लागले.

मग तिने पिशवीतून कागद काढला. बसमधून उतरल्यावर थेट वर न येता ती खाली कट्ट्यावर बसली होती आणि तो काढून टाकलेला परिच्छेद आठवून पुन्हा लिहून काढला होता, पेनाने, घाईघाईत. का, हे तिला सांगता आलं नसतं. “बाबा, एक वाचून दाखवू? थोडंच आहे.”

बाबा गोंधळले. हे त्यांचं खातं नव्हतं. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि कोणी फोटो काढणार असल्यासारखे ताठ बसले. “वाच.”

तिने वाचलं. लोखंड थकतं. रोज थोडं वाकतं आणि परत सरळ होतं. पहिलं वाक्य संपलं आणि हुंकार आला नाही. दुसरं संपलं. तेव्हाही नाही. बाबा ऐकत होते, पण मख्ख, आणि तिला घाम फुटला. कागदाच्या कडा ओल्या झाल्या. केसाहून बारीक चीर पडते. ती बाहेरून दिसत नाही. इथे तिचा आवाज चिरकला आणि ती थांबली. इथेच.

“हा तोच का?” बाबा म्हणाले.

“कोणता?”

“त्या दिवशीचा. जड गेलेला.” ते मिठाच्या बरणीकडे बघत होते. “फोन ठेवल्यावर म्हणाली होती. म्हणाली, आज पोरीचं मधलं काही माझ्या डोक्यात शिरलंच नाही. शब्द ऐकू येतात नि आत जात नाहीत, असं झालं. म्हणाली, तिला सांगू नका हं. खट्टू होईल, पुन्हा सगळं लिहीत बसेल.”

तिने कागद टेबलावर ठेवला. “आणि मटार?” हे कुठून आलं तिला कळलं नाही.

“अर्धे राहिले होते. म्हणाली, बोटं आळशी झालीत, संध्याकाळी बघू. पलंगावर पडली मग.” बाबांनी बरणीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. “मला वाटलं, लिखाणच अवघड असेल. तू अवघडच लिहितेस.”

म्हणजे तिघांनीही तेच केलं होतं. फोनच्या दोन्ही टोकांना तिघं जण बसले होते, आणि आईच्या आत काहीतरी तुटत असताना तिघांनीही दोष त्या परिच्छेदाला दिला होता. आईनेसुद्धा. तिच्यापासून लपवायचं म्हणून आईने ‘कळलं की’ म्हटलं होतं, तिला वाईट वाटू नये म्हणून. तिला हसावंसं वाटलं, आणि लगेच वाटलं की आता जमीन हलतेय. ती हलतच होती. खालून बहुधा एखादी मोठी गाडी गेली असावी, खिडकीची तावदानं वाजली. ती सवयीने तोंड उघडून विचारणार होती. बाबा, तेव्हा तिचा चेहरा कसा होता. बाबा, ती कशी चालत गेली पलंगापर्यंत. मेंदूत नक्की कसं होतं हे सगळं, मी शोधते, मी चित्र काढून दाखवते तुम्हाला. प्रश्न ओळीने उभे होते, जिभेच्या मागे, लिफ्टसमोर माणसं उभी राहावीत तसे. बाबांचे हात टेबलावर होते, फळ्यांवरच्या वस्तू दाखवणारे, आता काहीच न दाखवणारे. ते किती म्हातारे झाले होते. त्यांच्या बोलण्यातही फटी पडत होत्या. आज किती पडल्या हे मोजायचं नाही असं ठरवूनही ती मोजल्याशिवाय राहिली नव्हती. एक दिवस त्यांच्यासाठीही तसाच फोन करायची वेळ येईल, आणि तो करायला घरात कोणी नसेल.

तिने एकही प्रश्न विचारला नाही.

“मला भीती वाटते, बाबा.”

आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, लहान, जाळीच्या आतून आल्यासारखा.

“हं,” बाबा म्हणाले.

वाक्य संपताच. एवढासा, आपल्या जागी. त्यांनी मान वर केली नव्हती, पण टेबलावरचा हात सरकत तिच्या हाताजवळ येऊन थांबला होता, आणि ते पुढचं ऐकायला बसले होते.

“लिफ्टचीसुद्धा वाटायची,” ती म्हणाली.